भाचीची पोटगी कुणी बुडवली

जानेफळात मला मान आहे. बाजाराच्या दिवशी चहाच्या दुकानात गेलो की बाकावर जागा होते, आणि एखादा परगावचा माणूस बसलेला असला तर कुणीतरी हमखास त्याला सांगतं, "हे आमचे मास्तर. यायनं आईवेगळ्या भाचीले लेकीवाणी वाढवलं, लगीन लावून देलं. बापानं एक पैसा देला नाही तिच्या." मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

बापानं पैसा दिला नाही हे खरं आहे. का दिला नाही, हे गावाला माहीत नाही. गेल्या वर्षापर्यंत भाचीलाही माहीत नव्हतं. जी माणसं मला या गोष्टीसाठी चांगलं म्हणतात त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. वाचून झाल्यावर त्यांनी काय म्हणायचं ते त्यांनी ठरवावं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मी लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो, घरची थोडी शेती वडील पाहायचे. माझी एकच धाकटी बहीण. तिला देऊळगाव राजाकडच्या एका खात्यापित्या घरी दिलं होतं. तिला मुलगी झाली. पुढे दोन वर्षं काही झालं नाही, तेवढ्यात मेहुण्यानं दुसरी बायको केली. त्या काळी तो गुन्हा नव्हता आणि त्यात कुणाला नवलही वाटत नव्हतं. लोकांना नवल वाटलं ते बहिणीचं, कारण ती सवतीच्या हाताखाली राहिली नाही. पोरीला कडेवर घेऊन ती सरळ आमच्याकडे निघून आली.

वडिलांनी तालुक्याच्या कोर्टात पोटगीचा अर्ज लावला. मेहुणा कोर्टात म्हणाला, मी नांदवायला तयार आहे, तीच येत नाही. त्यामुळे बहिणीच्या पोटापाण्याचं काही झालं नाही. मुलीचे मात्र दरमहा पाच रुपये, मुलीच्या आईच्या हाती द्यावेत, असा हुकूम झाला. कपाशीला भाव नसलेले ते दिवस होते. माझा महिन्याचा पगार त्या पाचाच्या चौपट नव्हता. पाच रुपयांत पोरीचं खाणंपिणं, कपडा, पाटी-पुस्तक, सगळं व्यवस्थित निघालं असतं.

मेहुण्यानं सुरुवातीचे दोन-तीन महिने पैसे दिले आणि मग हात आखडला. बहीण पुन्हा कोर्टात गेली. वॉरंट निघायचं, तो थोडे पैसे भरायचा, पुढची तारीख घ्यायचा, पुन्हा गप्प. वडील वारले तरी बहीण तारखेला जात राहिली. पहाटे भाकरी बांधून घ्यायची, पोरीला उठवायची आणि चालायला लागायची. वाटेत कुणाची बैलगाडी मिळाली तर मिळाली. शाळेला सुट्टी असली की मी सोबत जायचो, आणि मला ते नको व्हायचं.

एका तारखेला मॅजिस्ट्रेट तिला म्हणाले, "बाई, तुझा नवरा तुला न्यायला तयार आहे म्हणतो."

बहीण म्हणाली, "नेते तं सवतीले कुठी ठेवते? मले टाकलं यानं, साहेब. मी सांगाले लाजत नाही. पोरगी याची हाये. माह्यं राहू द्या, पोरीचं तेवढं द्याले लावा."

मागे बाकावर बसलेली माणसं हसली. त्यांत आमच्या गावचे दोघं होते, एकाचा मुलगा माझ्या वर्गात होता. माझे कान तापले. परतताना मी झपाझप पुढे चालत होतो. मागून बहीण म्हणाली, "दादा, धीरे चाल ना. पोरगी दमली."

मी थांबलो, पण वळून पाहिलं नाही.

"टाकली म्हनलं त्याचा राग आला काय?"

"चारचौघात बोलाची गोष्ट हाये काय ते?"

"मंग कुठी बोलू? चुलीपाशी बोलून पोरीचे पैसे येते काय?" असं म्हणून ती हसली. "तू शाळेत पोरायले मोठ्यानं बोला, मोठ्यानं बोला म्हनतं. मी बोलली तं तुले पटत नाही."

मी पोरीला खांद्यावर घेतलं आणि चालत राहिलो. तेवढं मी करायचो. ओझं उचलायला मी कधी नाही म्हटलं नाही.

एका वर्षी कापसाची वेचणी चालू असताना बहीण तापानं पडली. दवाखाना तालुक्याला. नेऊन आणली, औषध दिलं, पण ताप उतरला नाही. मेहुण्याकडे तेव्हा दोन वर्षांचे पैसे थकले होते आणि वसुलीचा अर्ज कोर्टात पडून होता. शुद्धीवर असताना तिनं मला जवळ बोलावलं. "बाकी मी काही म्हनत नाही, दादा," ती म्हणाली. "पोरीचं सोडू नोको." मी हो म्हणालो. चौथ्या की पाचव्या दिवशी ती गेली. पोरगी तेव्हा आठ वर्षांची होती.

आमच्याकडे नवरा जिवंत असताना बाई गेली की ती अहेव गेली म्हणतात. तिला हिरवं लुगडं नेसवतात, हातात हिरवा चुडा भरतात, कपाळभर कुंकवाचा मळवट भरतात. ते लुगडं सासरचं असावं लागतं. नवऱ्याच्या घरून लुगडं आलं नाही तर बाईला टाकलेली होती हे तिरडीवरही दिसतं. आम्ही सांगावा धाडला होता, पण तो येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो आला. बैलांच्या दमणीतून उतरला तेव्हा त्याच्या हातात कोरं हिरवं लुगडं होतं. तो रडलाही. माझ्या आईनं ते लुगडं दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. जमलेल्या बाया म्हणाल्या, "मोठ्या नशिबाची. भरल्या कपाळानं गेली."

त्या दिवशी मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. आई समोर बसली होती. तिच्या लेकीच्या अंगावर सासरचं लुगडं पडलं एवढाच तिला आधार होता. तो मी काढून घ्यायला नको होता आणि घेतला नाही. मी चुकलो ते नंतर.

तेरावा झाल्यावर मी आमच्या वकिलांकडे गेलो. मला वाटत होतं पैसे घेणारीच गेली म्हणजे सगळं संपलं. वकील म्हणाले, "मास्तर, हुकूम मुलीच्या पोटाचा आहे. आई नुसती हातात घेणारी होती. ती गेली म्हणून मुलीची भूक जात नाही. तुम्ही पालक म्हणून अर्ज द्या, थकलेलं आपण वसूल करू आणि पुढचंही चालू ठेवू." हे त्यांनी मला अगदी साध्या शब्दांत सांगितलं. मला ते समजलं होतं. मला कायदा समजला नव्हता असं कुणी म्हणू नये.

मी अर्ज दिला. मेहुण्यानं कोर्टात उत्तर दिलं की नवरा-बायकोचा केव्हाच समेट झाला होता. बायको आणि मुलगी दोघी त्याच्याकडे येऊन-जाऊन राहत होत्या, तो त्यांना खाऊपिऊ घालत होता, ती फक्त आजारपणासाठी माहेरी गेली होती. मग थकलं काय? पुरावा म्हणून त्यानं लुगड्याची गोष्ट पुढे केली. टाकलेल्या बायकोला कोण लुगडं नेतं, आणि टाकलेल्या बायकोचे माहेरचे ते कशाला घेतात?

आमच्या वकिलांना याची काळजी वाटली नाही. ते म्हणाले, "तुम्ही उभे राहा आणि खरं सांगा. लुगडं आईच्या समाधानासाठी घेतलं, समेट झाला नव्हता, बहिणीला त्यानं टाकलेली होती. तुम्ही मास्तर आहात, कोर्ट तुमचं ऐकेल. दुसरा साक्षीदार आणायची गरज नाही."

तारखेला पोरगी माझ्यासोबत होती. तिला व्हरांड्यात बसवलं आणि तिच्या ओच्यात फुटाणे टाकले. आत नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. मेहुण्याबरोबर त्यांच्या गावची पाच-सात माणसं आली होती, आमच्या गावची होती, शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांच्या ओळखीचे एक गृहस्थही पुढेच बसले होते. मेहुण्यानं मला नमस्कार केला. मीही केला.

त्याचा वकील चिखलीचा होता. वयस्कर, बोलायला गोड. त्यानं मला आडवेतिडवे प्रश्न विचारले नाहीत. लुगडं आलं होतं का, विचारलं. हो म्हणालो. मळवट भरला होता का. हो. अग्नी कुणी दिला. नवऱ्यानं. मग तो जरा थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, आता एकच विचारतो. तुमची बहीण नांदती म्हणून गेली का टाकलेली म्हणून गेली?"

मला समोरची माणसं दिसत होती. टाकलेली म्हटलं असतं तर सरळ होतं. पण लोक पुढचं विचारणार, का टाकली, तिच्यात काय खोट होती. गेलेल्या बाईबद्दल गावात काय काय बोलतील हे मला ऐकू येत होतं. आणि तेवढंच नाही. टाकलेल्या बाईचा भाऊ म्हणून मला पाहतील, हेही मला दिसत होतं. ते आधी दिसलं की नंतर, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारत आलो आहे. आता ठरवून टाकतो. ते आधी दिसलं.

मी म्हणालो, "नांदती म्हणून गेली."

"म्हणजे समेट झाला होता?"

"झाला होता."

कुणी मला धमकावलं नव्हतं. कुणी मला काही दिलं नव्हतं. आमच्या वकिलांनी हातातला कागद खाली ठेवला. मॅजिस्ट्रेटनी अर्ज काढून टाकला, दुसरं काही ते करूही शकत नव्हते. मुलगी बापाची आहे, बापानं न्यावी, असं त्यांनी वर सांगितलं. मेहुणा लगेच म्हणाला, "केव्हाही पाठवा, साहेब." मी पाठवणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं.

बाहेर आल्यावर आमचे वकील मला म्हणाले, "एक शब्द होता, मास्तर. तुमच्या बहिणीनं तो याच ठिकाणी उभं राहून पाच वेळा उच्चारला. तिला शाळा नव्हती." आणि फी न घेता ते निघून गेले.

पोरगी उठून आली. "काय झालं, मामा?"

"तुह्यी माय गेली ना," मी म्हणालो. "घेणारं माणूस मेलं की कोर्ट देत नाही. तसा कायदा हाये."

तिनं जरा विचार केला. "पण मी तं जित्ती हावो ना?"

मी तिला रेवड्या घेऊन दिल्या. घरी आईला तेच सांगितलं, बायकोला तेच, गावालाही तेच. गावच्या ज्यांनी माझी साक्ष ऐकली होती ते तर खूश होते. "मास्तरनं बहिणीची इज्जत राखली," ते म्हणायचे. पैसे का मिळाले नाहीत याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं. इंग्रजांचा कायदा वाईट, एवढं म्हणून विषय मिटला.

पुढचं सगळं सरळ त्यातून निघालं. घरात माझी तीन मुलं होती. माझी बायको वाईट नव्हती, पण पहिली भाकरी कुणाच्या ताटात जाते हे पाहण्याची तिला सवय लागली आणि मी ती लागू दिली. भाची चौथी पास झाली. वर्गात पहिली होती. पुढे शिकायचं तर मेहकरला कुणाकडे तरी ठेवावं लागलं असतं, आणि त्याला पैसे लागले असते. मी गावात घरोघर जाऊन मुली शाळेत पाठवा म्हणून सांगणारा मास्तर, मी भाचीला म्हणालो, "आता पुरे. आपल्याजवळ पैसे नाहीत." तिनं दप्तर माझ्या धाकट्या मुलाला दिलं. पंधराव्या वर्षी मी तिला चिखलीजवळच्या एका बिजवराला दिली. हुंडा मागत नव्हता म्हणून. माणूस भला निघाला, पण वयानं मोठा होता, आणि ती पस्तिशीत विधवा झाली. तिकडे तिच्या बापाची जमीन सावत्र भावांनी वाटून घेतली. बापानं मरेपर्यंत तिला पाहिलं नाही.

हे सगळं मी कधीच बोललो नसतो. मला माझी खात्री आहे. बोलावं लागलं ते वेगळ्याच कारणानं.

गेल्या वर्षी मी भाचीकडे चिखलीला गेलो होतो. तिची लेक सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन घरी परत आलेली होती. जावई जालन्याला एका दुकानात कामाला, तिथं त्यानं दुसरं बिऱ्हाड केलं होतं आणि इकडे पैसे पाठवणं बंद केलं होतं. लेकीला पोटगीचा अर्ज करायचा होता. भाची करू देत नव्हती. ती तुरीची डाळ निवडत बसली होती, सुपातून नजर न काढता बोलत होती.

"मी इले सांगून राह्यली, शिलाईची मशीन घे, चार घरचं शिव. कोर्टात जाऊन काय भेटते? माह्या मायनं तथी उंबरठे झिजवले. मी तिच्या मागं मागं चालली हावो, मले माहीत हाये. मायनं डोळे मिटले अन् कोर्टानं हात वर केले."

"आई, तवा इंग्रज होते," लेक म्हणाली.

"साहेब बदलले. कोर्ट तेच हाये."

लेक माझ्याकडे वळली. "आबा, तुमी तं होते तथी. तुमीच सांगा. आई म्हनते तसा कायदा होता काय?"

भाचीही माझ्याकडे पाहायला लागली. मी हो म्हणावं याची ती वाट पाहत होती. हो म्हटलं असतं तर त्या लेकीनं मशीन घेतली असती, आणि त्या सहा महिन्यांच्या पोरीचं पुढे काय झालं असतं ते मी एकदा पाहिलेलं होतं.

मी म्हणालो, "कायदा तसा नव्हता. मी खोटं बोललो." आणि मग वर लिहिलं तेवढं सगळं सांगितलं.

भाचीनं सूप खाली ठेवलं. मग तिनं विचारलं, "वकिलानं काय इचारलं होतं? त्यानं जसं इचारलं तसं सांगा."

"बहीण नांदती म्हणून गेली का टाकलेली म्हणून."

"अन् तुमी?"

"नांदती म्हणालो."

"नांदती होती काय माह्यी माय?"

"नाही."

"तुमाले माहीत होतं?"

"हो."

तिनं पदरानं तोंड पुसलं. ती रडत नव्हती. "चवथीनंतर तुमी म्हनले पैसे नाही. मी म्हनलं, कोर्टानंच नाही देले, मामा काय करन? मामी बोलली तरी मी म्हनलं, बोलू दे, आपुन फुकटचं खातो. मी फुकटचं खात नव्हती, मामा. माह्ये पैसे होते. मी जलमभर त्या मॅजिस्ट्रेटले शिव्या देल्या. तो बिचारा कधीचा मेला असन."

लेक म्हणाली, "आई, जाऊ दे आता. आबा म्हातारे झाले."

"म्हातारे आता झाले. तवा नव्हते."

त्या रात्री मी तिथंच जेवलो. तिनं वाढलं, नेहमीसारखं वाढलं, पण आणखी घ्या म्हणाली नाही. सकाळी मायलेकी आवरून निघाल्या. बाळाला दुपट्यात गुंडाळलं होतं. लेकीच्या हातात लग्नाचे कागद होते. मी टोपी घातली, काठी घेतली आणि दाराशी उभा राहिलो. म्हणालो, "मी येतो. मला कोर्टाची माहिती आहे."

भाचीनं चपला पायात सरकवल्या. "तुमी बसा, मामा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तथी कोणी इचारलं, पोरगी नांदती हाये का टाकलेली, तं तुमी आमची इज्जत राखसान. मले ते परवडाचं नाही."

त्या गेल्या. मी त्यांची वाट न पाहता दुपारच्या गाडीनं जानेफळला परत आलो.

अर्जाचं काय झालं ते त्यांनी मला कळवलं नाही. चिखलीच्या बाजाराला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं की बाळाच्या नावानं हुकूम झाला आहे. एखादा महिना पैसे चुकले की मायलेकी तारखेला जातात, आणि सगळं भाचीच बोलते म्हणे. तो माणूस मला म्हणाला, "मास्तर, तुमची भाची लय खमकी हाये. तुमच्या हाताखाली वाढली ना." मी त्याला तिथंच सांगितलं की ते माझ्यामुळे नाही. त्याला तो विनय वाटला. म्हणून हे लिहून ठेवलं.